उन्हावर चालतो, म्हणून इंटरनेट फुकट?

"सोलर ट्रेलर आणा, माळावर उभा करा, २० किलोमीटरच्या परिघात सगळ्यांना फुकट इंटरनेट. रात्रंदिवस चालू. ना केबल, ना बिल, ना देखभाल. टॉवरचे दिवस संपले!" उंच खांब आणि पॅनेलवाल्या एका ट्रेलरच्या फोटोखाली हा मजकूर धडाधड पुढे पाठवला जातोय. असे ट्रेलर खरेच असतात आणि कामाचेही असतात. मजकुराचं तसं नाही.

"ना केबल, ना बिल." पॅनेलमधून वीज निघते, इंटरनेट नाही. ते ट्रेलरपर्यंत आणावंच लागतं: फायबरच्या जवळच्या टोकापासून मायक्रोवेव्ह लिंकने (दोन अँटेनांमधल्या बिनतारी जोडणीने), मोबाइल नेटवर्कवरून, नाहीतर उपग्रहावरून. बिल कुठे जात नाही, ते फक्त फोटोत दिसत नाही. शिवाय आलेलं ५० एमबीपीएस शंभर जणांनी एकदम ओढलं, तर वाट्याला अर्धा एमबीपीएस.

"२० किलोमीटरचा परिघ." इथे खरी गोम आहे, कारण वाय-फायने याहून कितीतरी लांबचा पल्ला गाठलेला आहे. २००७ मध्ये व्हेनेझुएलात बिनतारी नेटवर्कचे तज्ज्ञ एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी ३८२ किलोमीटरची लिंक जोडून दाखवली. पण ती दोन उंच डोंगरांमधली, आणि दोन्हीकडचे अँटेना एकमेकांवर नेम धरून बसवलेले. खिशातल्या फोनला कसला आलाय नेम! ट्रेलरचा सिग्नल फोनला ऐकू आला, तरी फोनचं क्षीण उत्तर ट्रेलरपर्यंत पोचायला हवं ना? साध्या फोनला मोकळ्या माळावरही शे-दोनशे मीटर मिळाले तरी पुष्कळ.

मग दुसऱ्या वस्तीवर अँटेना बसवून लिंक जोडू म्हणाल, तर तेही जमतं, पण समोरचा खांब दिसला की झालं, असं नाही. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर १० किलोमीटरच्या लिंकसाठी नजरेच्या रेषेभोवती, मध्यावर, सुमारे १२ मीटर त्रिज्येचा पट्टा बराचसा मोकळा लागतो. दोन्हीकडे १० मीटरचे खांब असतील, तर सपाट जमीनच त्या पट्ट्यात घुसते. झाडं वेगळीच.

"रात्रंदिवस चालू." रेडिओ, राउटर आणि उपग्रहाचं टर्मिनल मिळून १५० वॅट धरू. दिवसाला ३.६ युनिट. ४०० वॅटची चार पॅनेल चांगल्या उन्हात एवढं सहज देतात, म्हणून फोटो काढला त्या दिवशी सगळं झकास. तीन दिवस आभाळ दाटलं की जवळपास ११ युनिट बॅटरीतून काढायचे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी सारखी निम्म्याखाली उतरवली तर लवकर बसते, म्हणजे २२ युनिटची घ्यायची आणि सहाशे किलोंहून जास्त वजन ओढायचं. लिथियम आयर्न फॉस्फेट त्याच्या पाव-एक वजनात भागवते, पण गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते.

"ना देखभाल." धूळ आणि पक्ष्यांची शिट सोडा, ट्रेलरचा खांबच बघा. सकाळी त्याची सावली पॅनेलवरून सरकते. सावली दिसायला बारीक, पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. मोजकेच झाकले तरी चार्ज कंट्रोलरवरचा (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यावरचा) अँपिअरचा आकडा धपकन खाली येतो. तेव्हा ट्रेलर कुठे तोंड करून लावायचा हे कळणारा माणूस लागतो. वारा सुटल्यावर खांब उतरवणारा, दोर ताणणारा माणूसही लागतो. पॅनेल म्हणजे वाऱ्यासाठी शीडच.

राहिला टॉवर. मोबाइल कंपन्या 'सेल ऑन व्हील्स' म्हणून चाकांवरचे टॉवर कधीपासून वापरतात: पूर-वादळात मूळ टॉवर पडला की, किंवा चार दिवसांच्या गर्दीला. मूळ टॉवर उभा राहिला, गर्दी पांगली, की तो ट्रेलर गाडीला जोडून पुढच्या ठिकाणी नेतात. चाकं त्याचसाठी असतात.