पापणी लवू देऊ नका!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा लोक उगाच बाऊ करतात. त्यात आपल्याला फक्त पडून राहायचं असतं. खरी परीक्षा महिन्याभराने येते, जेव्हा डॉक्टर सहज म्हणतात, "एकदा डोळ्याचा ओसीटी स्कॅन काढून घेऊ."

मला तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा लांबून दिसायला लागला होता. आता आणखी काय बघायचं राहिलं?

"डोळ्याच्या पडद्याची जाडी," डॉक्टर म्हणाले. भिंग नवं बसलं तरी मागे पडद्याच्या मधोमध काहींना सूज येते, आणि ती बहुधा चार ते सहा आठवड्यांनी कळते. आयर्विन नावाच्या डॉक्टरांनी हे १९५३ सालीच नोंदवून ठेवलंय. पूर्वी ती शोधायला हातात सुई टोचून रंग सोडत आणि फोटो काढत. १९९१ नंतर हे ओसीटी आलं. नुसता प्रकाश सोडायचा, परत येईल त्यावरून पडद्याचे थर मोजायचे. सुई नाही, हे ऐकून मी लगेच तयार झालो.

सुई परवडली असती.

"काका, हनुवटी टेकवा. कपाळ पट्टीला. हिरव्या फुलीकडे बघा. पापणी लवू देऊ नका."

जन्मभर मला पापण्या आहेत याची दखलही घ्यावी लागली नव्हती. त्या क्षणी दोघींनी एकदम बंड पुकारलं. डोळ्यातून पाणी निघालं, नाकाच्या कडेने ओघळत शेंड्यावर येऊन थांबलं आणि तिथे जी खाज सुटली म्हणता! हात वर करायची सोय नाही. ती फुलीसुद्धा लबाड, टक लावून पाहावं तर विरघळायची.

"फुलीकडे बघताय ना?"

"बघतोय की."

"मग डोळा कुठे चाललाय? हललात काका. परत घेऊ."

अखेर रंगीत नकाशा हाती आला. पण बाहुल्या थेंबांनी टम्म मोठ्या झालेल्या, त्यामुळे आकडे बायकोनेच वाचले. "आधी २६२, आता २७८. १६ने वाढलंय!" दूधवाल्याच्या हिशेबात चूक सापडल्यासारखा सूर.

हे आकडे मायक्रॉनचे, आणि १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं. ऑपरेशन सुरळीत झालं तरी पडदा किंचित जाड होतो, पाणी कुठे साठलेलं नाही. शिवाय आधीचा फोटो मोतीबिंदूतून काढलेला, म्हणजे मुळात अंधुकच. खरी सूज असती तर थेंबांचं औषध वाढवलं असतं. एवढं सगळं ऐकूनही तिने १६ हा आकडा पर्सच्या कप्प्यात नीट जपून ठेवला.

बाहेर बाकावर एक गृहस्थ कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"तुमचं किती?"

"२७८."

"माझं ३४०," ते म्हणाले आणि बाकावर जरा ऐसपैस बसले.