मुकादमाच्या वहीत बाईचं नाव कुठंय?

नमस्कार दादा,

माझ्या ऊसतोडीच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) कुणी जबरदस्तीनं देत नाही, लोक स्वतः दारात येतात. टोळी पळाली की आमचं घर बुडतं, ते तुम्हाला दिसत नाही. आणि हार्वेस्टर आले की हेही काम जाईल." तुम्ही मुकादमाचे, म्हणजे तोडणीला मजुरांची टोळी आणणाऱ्याचे, चिरंजीव आहात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

टोळी पळाल्याचं मान्य. लेखात ते यायला हवं होतं. कागदावर सही मुकादमाची असते, चार कोयते, म्हणजे चार जोड्या, उचल घेऊन रातोरात गेले की वसुलीही त्याच्याच दारात येते. बरेच मुकादम आधी स्वतःच कोयता घेऊन फडात उतरलेले असतात, हेही मी जाणतो.

पण उचल कधी घेतली जाते ते बघा. पेरणीला बियाणं हवं, घरात आजारपण निघालं, पोरीचं लग्न ठरलं, हातात दमडी नाही, अशा वेळी. काम सुरू होतं दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे माणूस अडलेला असतानाच व्यवहार ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले, तर ७३२ रुपये, दोघांचे मिळून. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. हंगाम एवढा चालला तर ठीक, नाहीतर बाकी पुढच्या वर्षावर. १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणंही बेकायदाच मानतो, मग तो दारात स्वतः आलेला असो वा नसो.

माझी चुलती चौदा हंगाम गेली. पहाटे चारला कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चूल, मग दिवसभर मोळ्या बांधायच्या, आणि संध्याकाळी गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढायचं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण दंड पडतो. तिशीत तिची गर्भपिशवी काढली. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ती एकटी नव्हती.

आणि या चौदा वर्षांत तिचं नाव कुठंच नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब त्याच्याच हातात. कारखान्याच्या मस्टरवर तर दोघंही नाहीत.

म्हणून हार्वेस्टरचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. यंत्र येईल तेव्हा भरपाई, दुसरं काम, प्रशिक्षण कुणाला द्यायचं? ज्याची नोंदच नाही, त्याचं काम गेल्याचीही नोंद होत नाही. कारखान्यानं थेट करार करावा, प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवावी, बाईची मजुरी बाईच्या खात्यात टाकावी. मुकादमाच्या डोक्यावरचं कर्जही त्यानंच हलकं होईल, दादा. आणि गावात वेळेवर रोजगार हमीचं काम मिळालं तर अर्ध्या जोड्या निघणारच नाहीत. हा कायदा १९७७ मध्ये देशात सगळ्यात आधी आपल्याच राज्यानं केला होता.

एक विनंती आहे. या हंगामात वडिलांच्या वहीत प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावं लिहून बघाल का?