किम जी-वूनचा वेस्टर्न: आधी जागा, मग गोळी

मंदारचा मुद्दा साधा होता: दक्षिण कोरियाचा दिग्दर्शक किम जी-वून, त्याला स्वतःचा असा हातच नाही, म्हणजे ओळखू येईल अशी शैली नाही. 1998 ला 'द क्वाएट फॅमिली', म्हणजे डोंगरातल्या लॉजवर पाहुणे मरतायत आणि घरचे मुकाट्याने प्रेतं पुरतायत. 2000 ला बँकेतला कारकून कुस्तीच्या रिंगणात. 2003 ला भुताचा सिनेमा, 2005 ला गँगस्टरचा, 2008 ला एकदम वेस्टर्न, म्हणजे घोडे आणि बंदुका. "दर दोन-तीन वर्षांनी नवं दुकान. एका ठिकाणी टिकून काही केलंच नाही त्याने."

"दुकान बदललं, माल तोच आहे," केतकी म्हणाली. "तो आधी जागा दाखवतो, मग मारामारी. 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स'मधलं घर आठव. जिना कुठे, कपाट कुठे, जेवणाचं टेबल कुठे, हे तुला पाठ झालेलं असतं, म्हणून तर भीती वाटते. 2008 च्या 'द गुड, द बॅड, द विअर्ड'मध्ये घराऐवजी मांचुरियाचं, म्हणजे ईशान्य चीनकडचं वाळवंट आहे, एवढाच फरक."

"वाळवंटात कसली आलीये जागा? सगळीकडे वाळूच."

"सुरुवातीची रेल्वे बघ. तिघा मुख्य नटांपैकी साँग कांग-हो फेरीवाल्याच्या वेषात डब्यामागून डबा ओलांडत जातो. तो चालतोय तोवर गाडीची लांबी, गर्दी, जपानी साहेबाचा डबा, सगळं आपल्या डोक्यात बसतं. मग बाहेरून ली ब्युंग-हुनची टोळी येते. त्यांच्या मागावर बक्षिसासाठी आलेला जुंग वू-सुंग. तिघं तीन बाजूंनी एकाच ठिकाणी येतात आणि तरीही कोण कुठे आहे हे एकदाही विचारावं लागत नाही."

सुहास इतका वेळ गप्प होता. 'शोले'ची आठवण त्याने काढली. पनवेलजवळच्या रुळांवर तो एक रेल्वेचा प्रसंग सात आठवड्यांहून जास्त काळ चित्रित होत होता, हे त्याला तोंडपाठ. "तिथे चढाई एकाच बाजूची. डाकू बाहेर, आपले आत. इथे तीन बाजू आणि वर जपानी फौज. संकलनात हे सांभाळणं फार कठीण. दोन शॉट चुकीच्या दिशेने जोडले की कोण कोणाचा पाठलाग करतोय तेच कळेनासं होतं."

केतकीने कपड्यांकडे लक्ष वेधलं. एकाला लांब कोट आणि रुंद हॅट, दुसरा काळ्या सुटात, तिसरा कान झाकणारी टोपी आणि गॉगल घालून मोटरसायकलवर. शेवटच्या पाठलागात धुळीत चेहरे दिसतच नाहीत, आकृतीवरून माणूस ओळखावा लागतो. एकसारखे कपडे असते तर सगळा प्रसंग वाया गेला असता.

मग गाडी रायफलीवर आली. जुंग वू-सुंग दौडत्या घोड्यावर लगाम सोडून लिव्हरवाली रायफल एका हाताने गोल फिरवतो. त्या फिरण्यातच लिव्हर उघडतो आणि मिटतो, रिकामी पुंगळी बाहेर, नवी गोळी आत. सुहासच्या मते हे दिसतं तितकं सोपं नाही. लिव्हरची कडी नेहमीपेक्षा मोठी लागते, नाहीतर बोटं अडकून मोडायची. नळी आखूड लागते, नाहीतर फिरवताना काखेत आपटते. शिवाय खाली घोड्याची पाठ हलतेय. आणि किम हे तुकड्या-तुकड्यांत लपवत नाही, घोडा, माणूस आणि रायफल एकाच चौकटीत ठेवतो.

"कसब मान्य," मंदार म्हणाला, "पण मधे सिनेमा ढेपाळतो. ज्या खजिन्याच्या नकाशामागे सगळे धावतायत तो कोणाकडे आहे, कोणाला का हवाय, याचा गुंता होतो. आणि इटलीत वेस्टर्न काढणाऱ्या सर्जिओ लिओनेची उसनवारी आहेच की."

गुंत्याचं केतकीने मान्य केलं, उसनवारीचं नाही. कोरियात 1960 आणि 70 च्या दशकांत मांचुरियात घडणाऱ्या मारधाडपटांची एक लाटच आली होती. किमने स्वतः ली मान-हीच्या 1971 च्या 'ब्रेक द चेन'चं ऋण मान्य केलंय. "लिओनेकडे गावं आणि बँका. इथे 1930 च्या दशकातली, जपानने देश हिसकावलेली कोरियन माणसं. नकाशा जपान्यांच्या हाती जाणार म्हटल्यावर खजिन्याच्या हावेला वेगळीच धार येते. ते इटलीतून कसं आणणार?"

"मग 'द लास्ट स्टँड'चं काय? हॉलिवूड, 2013, श्वार्झनेगर ॲरिझोनातल्या छोट्या गावाचा शेरीफ. खराखुरा अमेरिकन वेस्टर्न मिळाला आणि सपशेल पडला. साडेचार कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत सव्वा कोटीसुद्धा नाही."

"पडला ते खरं. पटकथा सरधोपट होती," केतकी म्हणाली. "पण मक्याच्या शेतातला गाड्यांचा पाठलाग बघ. कणसं गाडीपेक्षा उंच, दोघांनाही एकमेकांची गाडी दिसत नाही. वेगाच्या सिनेमात त्याने नजरच काढून घेतली. हे दुसऱ्या कोणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही."

मंदारला हे काही पटलं नाही. एका शेतासाठी अख्खा सिनेमा बघायचा का, हा त्याचा प्रश्न. सुहासचं उत्तर: आधी 2008 चा बघ, लगेच 2016 चा 'द एज ऑफ शॅडोज' लाव. त्यातही रेल्वे आहे, शांघायहून स्फोटकं घेऊन निघालेली. डब्यांत क्रांतिकारक आणि त्यांना हुडकणारे पोलीस. दोन्ही रेल्वे शेजारी-शेजारी ठेव आणि मग हात नाही म्हण.