कलम अकरा

बेसिनखालचा पाईप गळायला लागला, प्लंबरला बोलावलं, तो आला. इथपर्यंत कुणाच्याही घरात होतं तेच. पुढचं मात्र मी कालपासून भेटेल त्याला सांगतोय, आणि ऐकणारा हसला की मला मनापासून राग येतोय.

हे बेसिन आतल्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममधलं. ती खोली गेले बावीस दिवस आमची राहिलेली नाही, तिथे बकुळा राहते. बकुळा म्हणजे आम्ही दत्तक घेतलेली मांजरी. 'राहते' हे आपलं कागदोपत्री. प्रत्यक्षात कपाटाखाली थोडा अंधार राहतो आणि त्या अंधाराला दोन डोळे आहेत. रात्री तो अंधार बाहेर येऊन जेवतो, ट्रेमधली माती खोलीभर उडवतो आणि उजाडायच्या आत परत कपाटाखाली जातो. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे. त्यात शेपटीचं टोक आहे आणि माझा अंगठा.

धीर धरा, असं संस्थेच्या बाईंनी बजावलं होतं. तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराचा अंदाज घेण्याचे, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं, असा ढोबळ हिशेब असतो म्हणे. ढोबळ हा शब्द मी ऐकला नाही. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवशी गोल करून ठेवला. तो दिवस परवा गेला.

तोवर मी काय नाही केलं? दाराची बेल काढून ठेवली. मिक्सर गॅलरीत नेला. शिंक आली की जिन्यात जाऊन शिंकलो. मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटावेत आणि सावकाश उघडावेत, म्हणजे त्याला मैत्रीचा निरोप पोचतो, असं वाचलं होतं. ही ऐकीव गोष्ट नाही, ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रयोग करून छापलेली आहे. त्या प्रयोगात तर मांजरं अनोळखी माणसाच्या हाताजवळसुद्धा आली. अनोळखी तर मीही आहे! म्हणून रोज संध्याकाळी फरशीवर बसून मी कपाटाकडे बघत डोळे मिचकावायचो. आठव्या दिवशी हिनं डोळ्यांत घालायचं औषध आणून ठेवलं.

एकदाच बकुळानं माझी दखल घेतली. रात्री काढून टाकलेला माझा मोजा तिनं हुंगला आणि तोंड उघडं टाकून, वरचा ओठ वर ओढून, कितीतरी वेळ तशीच बसली. मी घाईघाईनं शोधलं. तो किळसेचा आविर्भाव नसतो. मांजरांच्या टाळूपाशी वास तपासायचं एक जादा इंद्रिय असतं, तिथवर वास पोचवायला ती तोंड तसं करतात. हे मी आनंदानं हिला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही असू शकतं."

तर प्लंबर. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठाच असेल, पण दारातूनच "नमस्कार काका" म्हणाला. तेही मी गिळलं.

"जरा हळू हं," मी कुजबुजलो.

तोही कुजबुजला, "बाळ झोपलंय का?"

"मांजर आहे. घाबरतं."

"हात्तिच्या!" असं म्हणून त्यानं हत्यारांची पिशवी फरशीवर अशी टाकली, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय पडलं?" म्हणून ओरडलं. "आधीच सांगतो काका, मला मांजरं आवडत नाहीत. जवळ आलं तर हाकला."

बावीस दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. "त्याची काळजी नको," मी म्हणालो.

तो उताणा झोपला, डोकं बेसिनखाली घातलं, पाय बाथरूमच्या दारातून बाहेर खोलीत आले. पाईपवर पाना आपटत आपटत तो कुणाला तरी शिव्या घालू लागला, बहुधा आधीच्या प्लंबरला. मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो आणि मनात कॅलेंडरवर नवीन गोल करत होतो. आणि कपाटाखालचा अंधार बाहेर आला.

दिवसाउजेडी मी तिला पूर्ण अशी पहिल्यांदाच पाहिली. पांढरी, काळी, नारिंगी. डाव्या कानाचं टोक कापलेलं. ती त्याच्या टाचेपाशी आली, हुंगली, आणि तिनं त्याच्या पॅंटवर गाल घासला. मांजरांच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासला की वस्तूवर आपली खूण बसते, ही माझी म्हणून. आमच्या घरात आजवर हा मान खुर्चीचा पाय, दाराची चौकट आणि केरसुणी यांना मिळाला होता. आता प्लंबरची पॅंट. मग ती शांतपणे त्याच्या पोटावर चढली, पुढच्या पंजांनी पोट चांगलं मळलं आणि बसली.

"काका, हे काय बसलंय?"

"मांजर."

"हाकला की!"

"हलू नका!" मी ओरडलो, म्हणजे कुजबुजतच ओरडलो.

"अहो, मला आवडत नाहीत."

"श्वास सावकाश घ्या."

थोडा वेळ शांततेत गेला. मग एक आवाज सुरू झाला. मला वाटलं पाण्याची मोटर. ती घुरघुरत होती. माझ्या घरात, माझ्या मांजरीनं केलेली पहिली घुरघुर, आणि ती दुसऱ्याच्या पोटावर.

"कसला आवाज हो?" आतून प्रश्न आला.

"घुरघुरतेय. पण त्याचा अर्थ खूश आहे असाच होत नाही," मी घाईनं म्हणालो. "दुखत असलं, भीती वाटत असली तरी मांजरं घुरघुरतात."

"मग हिचं काय दुखतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"बोका आहे का?"

"मांजरी आहे. असे तीन रंग असले की बहुतेक मादीच असते. बकुळा नाव."

"मन्या," तो पोटाकडे बघून म्हणाला. "ए मन्या, ऊठ." आणि बकुळानं त्याच्याकडे बघत डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा, व्हिडिओ कॉल. तसाच उताणा पडून त्यानं घेतला.

"हे बघ काय बसलंय माझ्यावर."

"अगं बाई, किती गोड! आणा की घरी."

"आपलं नाही. एका काकांचं आहे."

"मग काकांकडे का नाही बसलं?"

तो गप्प, मी गप्प. फक्त घुरघुर चालू.

"मागं बॅटरी धरून कोण उभं आहे?"

"तेच काका."

"त्यांना म्हणावं, या ना जवळ, हात लावा. ती रंगात आलीय आता."

एका अनोळखी बाईच्या सांगण्यावरून, माझ्याच घरात, मी गुडघ्यांवर रांगत माझ्याच मांजरीकडे निघालो. वीतभर अंतर राहिलं तसे बकुळाचे दोन्ही कान मागे गेले आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. फोनमधून एकदम चार-पाच आवाज आले. तिकडे सगळं घर जमलं होतं. "राहू दे, राहू दे! काकांना म्हणावं थांबा तिथेच!"

मी थांबलो. चार पायांवर.

मांजर उठत नाही म्हणून त्याला हलता येईना, हलता येईना म्हणून पाईपपर्यंत हात पोचेना. शेवटी त्याच्या खांद्यावरून वाकून नट मीच आवळला. "डावीकडे नाही हो काका, उजवीकडे. वॉशर बसला का नीट? तुमचं लक्ष कुठंय?" पाऊण तास. मग बकुळाच्या मनात आलं, ती उठली, आळस दिला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता कपाटाखाली गेली.

"चांगलं माणसाळलेलं आहे की," तो पॅंट झटकत म्हणाला. "तुम्हीच घाबरवता." आणि खोळंबा झाला म्हणून त्यानं पैसे जास्त लावले.

कारण मला कळतं. तो आडवा होता, तोंड दिसत नव्हतं, तिच्याकडे बघत नव्हता. रोखून बघणं म्हणजे मांजरांच्या हिशेबी धमकी, आणि मी बावीस दिवस कपाटाला डोळे लावून बसलोय. पण कारण कळलं म्हणून राग कमी होत नाही. या माणसानं अर्ज भरला होता का? मी भरला होता. सहा पानी. खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर कोण बघेल? मांजर पंधरा-वीस वर्षं जगू शकतं, तेव्हा तुमचं वय काय असेल? ही बेरीज मला संस्थेच्या बाईंसमोर बोटांवर करावी लागली आणि ती करताना त्या माझ्याकडे फार हळवं बघत होत्या. आणि कलम अकरा : 'मांजराने माया लावलीच पाहिजे अशी आमची अपेक्षा नाही.' त्याखाली मी झोकात सही केली. अपेक्षा नाही! केवढा मोठेपणा वाटला होता स्वतःचा.

खरं तर मी मनाची समजूत आधीच घालून ठेवली होती. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांच्या हातात खेळलं नाही, तर पुढे ते माणसाला सहसा जवळ करत नाही. हिचे ते आठवडे वाया गेले असणार, तर माझा काय दोष? पण पोट मळून, गोल फिरून, नेमकं मधोमध बसणं हे जिन्यात शिकता येत नाही. बकुळा एका बंद घराच्या जिन्यात सापडली होती. घरातली माणसं सामानसुमान घेऊन गेली, कपाट नेलं, पलंग नेला असेल, हिला नेलं नाही. नंतर कुणीतरी तिची नसबंदी करून आणली, कानावरची खूण त्याचीच. म्हणजे तिचं एक पोट ठरलेलं होतं. त्या माणसाला कुणी सहा पानं भरायला लावली नाहीत. आणि आता 'मांजराला घर कळतं, माणूस कळत नाही' असं मला ऐकवणारे रोज दोन तरी भेटतात. मी त्यांच्याकडे रोखून बघतो.

काल रात्री घर झोपल्यावर मी बाथरूममध्ये गेलो. उताणा झोपलो, डोकं बेसिनखाली घातलं, पाय दारातून बाहेर काढले. हातात पाना असावा म्हणून शेजाऱ्यांचा मागून आणला होता. फरशी गार होती. अर्ध्या तासानं पायाशी काहीतरी हललं. मी कुठेही बघितलं नाही. मोज्यावर गरम श्वास लागला, मग थांबला. मान न उचलता मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. तोंड उघडं टाकून, वरचा ओठ वर ओढून ती बसली होती.

तेवढ्यात वरून कपाळावर एक थेंब पडला. मग दुसरा. तो नट मी आवळलेला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मी तसाच पडून राहिलो.