भेरूघाटात ठसका

आमची डिझेल गाडी अकरा वर्षांची, बीएस फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर, रविवारी इंदूरची खाऊगल्ली छप्पन दुकान, आणि वर्षातून एकदा ओंकारेश्वर, एवढंच तिचं जग. तर यंदा ओंकारेश्वरला निघालो, भेरूघाट लागला आणि गाडीने अंगच टाकलं. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी काटा तीसच्या वर जाईना, आणि मागे असा काळाकुट्ट धूर की पाठीमागच्या ट्रकवाल्याने ओव्हरटेक करता करता ओरडून विचारलं, "भिया, कोयला डालते हो क्या?" २०१७ पासून स्वच्छतेत नंबर वन म्हणून मिरवणारं आमचं शहर, आणि एमपी ०९ ची ही अशी शोभा! मागच्या सीटवरून आई म्हणाली, निघताना लिंबू ठेवलं नाहीस ना चाकाखाली.

कशीबशी घरी आणली तर सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची. पलासियाला तीनदा बंद पडली.

मग काय, निदानाचा सप्ताहच बसला. शेजारचे काका म्हणाले डिझेलात भेसळ आहे, ऑफिसात एकाने क्लचप्लेट सांगितली, आणि एका गॅरेजवाल्याने तर बॉनेट न उघडताच टर्बो गेला म्हणून जाहीर करून चाळीस हजार सांगितले. शेवटी मेहुणा आला. हा बँकेत आहे, पण त्याच्याकडे मोबाइलला जोडायचं, गाडीच्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र आहे आणि ते तो स्टेथोस्कोपसारखं घेऊन फिरतो. कोड आला पी०४०२. म्हणजे ईजीआरमधून धूर जास्त येतोय.

हे ईजीआर प्रकरण असं, की इंजिनाने बाहेर टाकलेला धूर एका व्हॉल्व्हमधून थोडा परत त्यालाच पाजायचा, उष्टं परत ताटात. कारण धुरात ऑक्सिजन कमी, त्यामुळे आतलं जळणं जरा थंड होतं, नाहीतर दीड हजार अंशांच्या पुढे हवेतल्याच नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड बनतात. पण घाट चढताना इंजिनाला पोटभर ताजी हवा लागते, तेव्हा हा व्हॉल्व्ह बंद व्हायला पाहिजे. आमचा होत नव्हता.

मेहुणा लगेच चौदा हजारांचा नवा व्हॉल्व्ह मागवायला निघाला, पण आमच्या गल्लीतले उस्ताद म्हणाले, "कोड ने मोहल्ला बताया है, चोर का घर नहीं." त्यांनी आपला स्कॅनर लावला. कंप्युटर म्हणतोय शून्य टक्के उघड, आणि व्हॉल्व्ह आपला चौतीसवर ढिम्म. परत हुकूम दिला, तरी चौतीस. "सुन रहा है, मान नहीं रहा," उस्ताद म्हणाले. बायकोने उगाच माझ्याकडे बघितलं.

खोलला तर आत काजळी, पण चुलीवरच्या पातेल्याची कोरडी नाही हो, इंजिनातल्या तेलाच्या वाफेत कालवलेली, ओली, चिकट, आजीच्या काजळाच्या डबीत डांबर ओतल्यासारखी. जिथून अंगठा जायला पाहिजे तिथून माझी करंगळी जाईना. आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत बोराच्या बीएवढा कोळसा अडकलेला, त्याच्यामुळे झाकण मिटतच नव्हतं. मी उत्साहाने स्क्रूड्रायव्हर घातला तर उस्तादांनी हातावर चापटच मारली, बैठकीला ओरखडा पडला की मग झाकण कधीच घट्ट बसत नाही. कार्ब क्लीनर आणि जुना टूथब्रश, बस. तेही मोटर वरच्या बाजूला धरून, म्हणजे क्लीनर तिच्यात उतरत नाही. (टूथब्रश जुना नव्हता. माझाच होता, हे रात्री कळलं.)

तेवढ्यात काका आलेच. "कशाला घासताय, पत्रा टाकून भोकच बंद करा, पीयूसीत डिझेलचा नुसता धूर मोजतात, काय कळतंय!" धूर मोजतात हे खरं, पण पत्रा टाकला की कंप्युटर पी०४०१ म्हणून उलट बोंबलतो, धूर येईना झाला म्हणून, आणि ते ऑक्साइड काय काकांच्या गॅलरीत जाणार नाहीत का?

नवं गॅस्केट टाकून सगळं बसवलं, स्टार्टर मारला, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला. पी०४०३! व्हॉल्व्हचं सर्किटच गेलं म्हणे. चौदा हजार डोळ्यांसमोर नाचायला लागले, मेहुण्याने तर मोबाइल काढलाही, आणि मग उस्तादांना बॅटरीवर निवांत पडलेलं व्हॉल्व्हच्या वायरचं कनेक्टर दिसलं. ते काढायचं काम मेहुण्याकडे होतं. लावायचं कुणाकडे, यावर अजून वाद आहे.

कोड पुसला, स्कॅनरवरून व्हॉल्व्हला बंद कुठे व्हायचं ते नव्याने शिकवलं, आणि गाडी अशी शांत घुमायला लागली की काकांनी विचारलं, चालू आहे ना?

पैसे घेताना उस्ताद म्हणाले, चार किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतच नाही, काजळी धरणारच, "हफ्ते में एक बार हाईवे पर खींचो इसको." हे बायकोने ऐकलं. तेव्हापासून गाडीच्या तब्येतीसाठी आम्ही दर रविवारी महेश्वरला जातो. साफसफाईचे गॅस्केटसकट अठराशे झाले होते. काल डिकीत तिसरी महेश्वरी साडी होती.