‘फुकटात झालं असतं’ म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांस

स्पष्टवक्ता महाशय,

आमच्या गडप्रेमींच्या ऑनलाइन समूहाचे मेल ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवून देणाऱ्या सेवेतून कसे पाठवायला लागलो, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "वाचून हसू आलं. चारपाचशे टाळक्यांना मोहिमेच्या सूचना धाडायला ॲमेझॉन? एखाद्या सर्व्हरवर पोस्टफिक्स टाकलं असतं तर फुकटात झालं असतं. खर्च डॉलरमध्ये, तो कुणाला कळणार? बाउन्स आणि तक्रारींबद्दल अवाक्षर नाही. हौशी माणसानं असले लेख लिहू नयेत."

हसू आलं तर हसा, आमची ना नाही. पण टाळकी कुणाला म्हणता? त्यात येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी आहेत, खानापूरच्या अंगणवाडीताई आहेत, निपाणीची कॉलेजची पोरं आहेत. रविवारी पहाटे राजहंसगडाच्या पायथ्याला किती वाजता जमायचं, हे त्यांना शनिवारी कळावं लागतं. सोमवारी स्पॅममध्ये सापडून काय करायचं? आणि हौशी म्हणाल, तर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत असताना, डायलअपच्या काळापासून, ऑफिसचे मेल मीच बघत होतो. मॉडेमची किरकिर ऐकत कोटेशनं पाठवलीत. तुमचं वय मला माहीत नाही, बोलण्यावरून अंदाज येतो.

आता तुमचं ते फुकट. पोस्टफिक्स म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवायचं सॉफ्टवेअर, त्याला पैसे पडत नाहीत, कबूल. ते मी चालवलंय. आधी टिळकवाडीत घरीच, जुन्या पीसीवर. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी पत्ते बहुतेक स्पॅमहॉसच्या पीबीएल यादीत आधीच असतात; ज्या पत्त्यांवरून थेट मेल येऊ नयेत, त्यांची ती यादी. तुम्ही कितीही सज्जन असा, समोरचा सर्व्हर दारातच अडवतो. रिव्हर्स डीएनएसला, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीला, आमच्या डोमेनचं नाव लावून द्या म्हटलं, तर ब्रॉडबँडवाल्यांचा फोनवरचा माणूस मलाच विचारतो, ते काय असतं? मग भाड्याचा सर्व्हर घेतला. तिथं बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे मेल जायची वाट, बंद. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर, ईसीटूवर, तो मुळातच अडवलेला असतो, सर्व्हर भाड्यानं देणारं डिजिटलओशनही अडवतं. पोस्टफिक्स बिचारं मेल रांगेत धरून बसतं आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ लिहीत राहतं. ती ओळ बघत मी रात्री काढल्यात, आणि तुम्ही मला फुकट शिकवता होय!

बरं, समजा पोर्ट उघडून मिळाला. त्या आयपीवरचा आधीचा भाडेकरू काय उद्योग करून गेलाय, ते कुठं ठाऊक असतं? वर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम आवळलेत. पाठवणारा लहान असो वा मोठा, एसपीएफ (या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरनं पाठवायचे त्याची नोंद) किंवा डीकिम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) हवं, टीएलएस (वाटेत मेल कुणाला वाचता येऊ नये अशी जोडणी) हवं, रिव्हर्स डीएनएस नीट हवं. दिवसाला ५,००० मेलवर गेलात की एसपीएफ आणि डीकिम दोन्ही, शिवाय डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद), आणि प्रचाराच्या मेलला एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय. आम्ही ५,००० च्या जवळपासही नाही, तरी तिन्ही रेकॉर्ड लावलेत. एसईएस डीकिमसाठी तीन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या डीएनएस नोंदी, देते. ते डोमेनच्या पॅनेलमध्ये जसेच्या तसे चिकटवले, तर बरीच पॅनेलं शेवटी आपलं डोमेन पुन्हा जोडतात. डोमेन दोनदा येतं आणि पडताळणी ‘पेंडिंग’वर अडकते. लेखात हे सगळं आहे. तुम्ही तिथवर पोचलात का, ही शंका आहे. आमचा कुठलाही मेल जीमेलमध्ये उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हींपुढे ‘पास’. तुमच्या फुकटच्या सर्व्हरवरून गेलेल्या मेलचा तसाच स्क्रीनशॉट टाका की इथं, आम्हीही बघू.

खर्च रुपयांत सांगायला हवा होता, हे मात्र तुमचं बरोबर. हजार मेलना १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये, वर जीएसटी. आठवड्याला एक सूचना धरली तर कुंद्याच्या एका बॉक्सच्या पैशात आमचं वर्ष निघतं. तेवढं मंडळी देतात, कुरकुर न करता.

राहिलं बाउन्सचं, म्हणजे न पोचता परत येणाऱ्या मेलचं. त्यांचं प्रमाण पाच टक्क्यांवर गेलं की एसईएस खातं तपासणीखाली घेते, दहावर गेलं की पाठवणं थांबवू शकते, ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.१ टक्क्यावर गेल्या तरी तपासणी, हे मला तुमच्याकडून कळायचं नव्हतं. आमची माणसं ओळखीची, पत्ते त्यांनी स्वतः दिलेले. त्यावर लिहावंसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

नीट विचारलंत तर डीएनएसच्या पॅनेलपर्यंत हात धरून नेईन. पुन्हा टाळकी म्हणालात तर प्रतिक्रिया उडवीन. तेवढा अधिकार इथं माझ्याकडे आहे.