दुपारचे बारा वाजले की आमचा जॅक वाजतो

साडूभाऊंनी गाडी घेतली तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं होतं की ही लावणार कुठे, आणि ते जे गोड हसले ना, तिथेच मला कळायला पाहिजे होतं. त्यांच्या पुण्याच्या सोसायटीत जागा नव्हती, आमच्या नाशिकच्या, इंदिरानगरातल्या सोसायटीत व्हिजिटर पार्किंगला होती. झालं. मिनीबसवर बांधलेलं ते चाकांवरचं घर, आत बेड, सिंक, गॅसची शेगडी, एवढासा फ्रिज, सगळं आमच्या दारात येऊन उभं राहिलं. किल्ली माझ्याकडे, हौस त्यांची, आणि शिव्या खायच्या त्या मी एकट्याने.

तर या गाडीला पाय आहेत. म्हणजे हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक. मागच्या मालकाने अमेरिकेतून किट मागवून बसवून घेतलं होतं. चार कोपऱ्यांना चार, बटण दाबलं की पंप घुर्रर्र करतो, ऑइल जातं, पाय खाली टेकतात आणि गाडी सपाट. उतारावर झोपलं की माणूस रात्रभर भिंतीकडे घरंगळतो आणि गॅसवर चालणारा तो फ्रिज तिरका उभा केला की गार करायचंच सोडून देतो, म्हणून हा सगळा खटाटोप. मी कौतुकाने मिस्त्रीकडून पाणसळ आणून फरशीवर ठेवली, बुडबुडा अगदी मधोमध! बायको म्हणाली, "अहो, घरातला फ्रिज दहा वर्षं पेपरच्या घडीवर उभा आहे, त्याला कधी लावली का ही पाणसळ?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता पाय खाली असताना कोणी गाडी हाकली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून कंपनीने सोय केलीय. जॅक खाली असले आणि किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. बझर म्हणजे कसा, तर रिव्हर्सच्या वेळी रिक्षा वाजते ना तसा, पण संतापलेला.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही त्र्यंबकेश्वरला निघालो. पहाटे साडेपाचला, हवा मस्त गार, मी रात्रभर खाली ठेवलेले जॅक वर घेतले, दिवा विझला, निघालो. दर्शन झालं, रांगेत जे काही व्हायचं ते झालं, बाराच्या सुमाराला परत आलो तर गाडी पार्किंगमध्ये भर उन्हात तापून तवा झालेली. किल्ली फिरवली आणि पीं पीं पीं पीं.

खाली वाकून बघितलं तर चारही वर. मुलगा तर पोटावर झोपून बघून आला, म्हणाला बाबा, चारही वर आहेत, टॉर्च मारून बघितलं. तरी बझर चालूच. मग काय करणार, तसेच निघालो. तीसेक किलोमीटर, अंजनेरी फाटा, सातपूर, पपया नर्सरीचा सिग्नल, सगळीकडे पीं पीं. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला बाइकवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "भाऊ, काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, हो का! प्रत्येक गतिरोधकाला मी आणि बायको दोघं श्वास रोखून धरत होतो, जणू आम्ही हलके झालो की गाडी उचलली जाणार होती. सासूबाई मागे बेडवर बसून जपमाळ ओढत होत्या, देवदर्शनाचं पुण्य मुंबई नाक्यापर्यंत पुरलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेकॅनिक आला. किल्ली फिरवली. शांतता. दवाखान्याच्या दारात पाय ठेवला की ताप उतरतो ना, तसं. तो म्हणाला, "साहेब, काहीच नाही." मी म्हटलं काल दोन तास वाजत होतं. त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं बघताना मी आजवर फक्त विमा एजंटला बघितलंय. शेवटी बॅटरीची टर्मिनलं घासून, अर्थिंग बदलून, आठशे रुपये घेऊन गेला. करंट कमी पडला की कंट्रोल बॉक्स येड्यासारखा वागतो म्हणे, आणि ते खरंही असेल, कारण पंप भयंकर करंट खातो. पण त्याच दिवशी दुपारी पुन्हा पीं पीं.

दुसरा आला, तो थेट पक्कड घेऊनच. "बझरची वायर तोडून टाकू?" मी म्हटलं बाबा, घरात धुराचा वास आला म्हणून आपण नाक कापतो का?

मग साडूभाऊ स्वतः पुण्याहून आले. त्यांनी यूट्यूबवर बघून निदान केलं होतं: ऑइल कमी आहे. जॅक खाली घेतले, टाकीचं झाकण उघडलं, आणि खरंच ऑइल कमी! साडूभाऊंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आमच्या किटमध्ये लाल एटीएफ लागतं, ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत घालतात ते. दोन लिटर आणलं आणि टाकी काठोकाठ भरली. आता जॅक खाली असतात तेव्हा टाकीतलं ऑइल जॅकच्या नळकांड्यांत गेलेलं असतं, म्हणून टाकी रिकामी दिसते, म्हणून ऑइल नेहमी चारही जॅक वर घेऊनच तपासायचं, हे मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात छापलं होतं. मॅन्युअल साडूभाऊंच्या पुण्याच्या घरी होतं. जॅक वर घेतले, चौघांतलं ऑइल परत टाकीकडे आलं, टाकी म्हणाली माझ्याकडे जागा नाही, आणि ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून, लालभडक धार आमच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर. वॉचमन मामा धावत आले, म्हणाले, "साहेब, गाडीखाली काय कापलं?" चेअरमनसाहेबांनी त्याच संध्याकाळी नोटीस लावली. आमचं नाव नव्हतं, पण 'घरसदृश वाहन' असा शब्द होता, आणि सोसायटीत घरसदृश दुसरं कोणी नाही.

शेवटी अंबड एमआयडीसीतले एक नाना सापडले, जन्म गेला प्रेस मशीनच्या आणि ट्रॅक्टर ट्रॉलीच्या हायड्रॉलिकमध्ये. मुद्दाम दुपारी बोलावलं. त्यांनी कुठे हातच लावला नाही आधी, नुसते उभे राहून बझर ऐकत होते, एखादा गवई ऐकावा तसे. मग विचारलं, "सकाळी वाजतो?"

"नाही."

"संध्याकाळी?"

"ऊन उतरलं की नाही."

"आणि जॅक तुम्ही वर कधी घेता?"

मी अभिमानाने सांगितलं की रोज. त्या त्र्यंबकच्या प्रकारानंतर मी रोज पहाटे फिरायला जाताना न चुकता वर घ्यायचं बटण दाबून खात्री करून घ्यायचो. नाना एवढे हसले की तंबाखू पडली.

तर झालं असं होतं. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, काम झालं की बंद होतो. व्हॉल्व्हपासून जॅकपर्यंतच्या पाइपात जे ऑइल उरतं ते तिथेच कोंडलेलं. रात्री गार होऊन ते आक्रसतं, पहाटे मी बटण दाबलं की टाकीतून आणखी थोडं आत शिरतं आणि दार बंद. मग बाराचं ऊन, ऑइल फुगतं, जायला जागा नाही, प्रेशर वाढतं, आणि बझर वाजवणारा प्रेशर स्विच बिचारा समजतो की जॅक खाली ढकलले जातायत. म्हणजे रोज पहाटे मीच भरून ठेवायचो आणि दुपारी मीच घाबरायचो. नानांनी एकदा वर घ्यायचं बटण दाबलं, व्हॉल्व्ह उघडला, फुस्स झालं असेल आत, बझर बंद. चार सेकंद. पैसे विचारले तर म्हणाले चहा पाजा. जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरायचं नाही, आणि दुसरी, मागच्या डाव्या जॅकचा रॉड चिखलाने माखलाय, तो पुसून घ्या, वर ओढायला नुसती स्प्रिंग असते, रॉड खराब असला की तो अडकतो.

पहिली लक्षात ठेवली.

बायकोला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती ओट्यापाशी घाम पुसत म्हणाली, "मे महिन्यात दुपारी बारा वाजता कोंडून ठेवलं तर मीपण वाजेन."

त्यानंतर मी मोठा जाणकार झालो. कोणी विचारो न विचारो, लिफ्टमध्येसुद्धा थर्मल एक्सपान्शन समजावून सांगायचो. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका संध्याकाळी मिसळ खायला निघालो, सगळ्यांना घेऊन. किल्ली फिरवली, पीं पीं. मी हसलो. बटण दाबलं. पीं पीं. पुन्हा दाबलं. पीं पीं. मुलगा सवयीने खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "बाबा, मागचा एक खाली आहे." मी म्हटलं, अरे ऑइल फुगलंय रे, बस आत.

"पण ऊन कुठाय?" त्याने विचारलं, तोवर मी गिअर टाकला होता.

गेटजवळच्या गतिरोधकापर्यंत गेलो. पुढची चाकं पार झाली, मागची पार झाली, आणि मग तो आवाज आला. अकरा पेव्हर ब्लॉक. चेअरमनसाहेबांनी मोजले, मीपण मोजले, आणि वॉचमन मामांनी वेगळे मोजले, ते म्हणतात बारा.